रेघ

विट्याहून खानापूरकडं जाताना डाव्या हाताला
जी शाळा लागते, पत्र्याला निळा रंग दिलेली,
तिच्या खिचडीच्या खोलीत मी पेटी उघडली:
नऊ ठोकळे, लाल आणि पांढरे,
चित्रांची वही, स्टॉपवॉच,
आणि उत्तरं कशी तपासायची ते सांगणारं पुस्तक,
ज्याला मुलांचा हात लागू द्यायचा नाही.

सिद्धान्त म्हणतो, बुद्धीला पाच खांब.
शब्द, आकार, तर्क, आठवण, वेग.
मुलांना मोजणं हे माझं काम नव्हतं.
मोजपट्टीत खरंच पाच खांब आहेत,
की छापणाऱ्यानं नुसत्याच पाच रेघा आखल्यात,
एवढंच बघायचं होतं. दोनशे बारा मुलं.
बाईंना पटलं नाही.
"म्हणजे हुशार कोण, ते सांगणारच नाही?"
"नाही."
"मग खिचडी उरकून घ्या आधी."

ओवेस मुलाणीनं ठोकळे मांडले,
नक्षी झाली, आणि त्यानंच मोडली,
कारण एका ठोकळ्याचा कोपरा उडालेला दिसला त्याला,
तो लपावा म्हणून बाजू बदलत बसला.
घड्याळ पळालं.
मी लिहिलं शून्य. समासात, बारीक: कोपरा.
समास संगणकात जात नाही.

कार्तिका देवकर, चौथी,
जूनमध्ये कोइमतूरहून आलेली.
आकडे उलटे म्हणताना ओठ तमिळमध्ये हलायचे,
आवाज मराठीत बाहेर यायचा,
मध्ये एक श्वास जास्त.
तो श्वास कुठल्या खांबाचा?
"सोनं आणि चांदी. दोन्हींत सारखं काय?"
धातू म्हटलं तर दोन गुण. दागिने होतात, एक.
ती म्हणाली, "दोन्हीचं मुशीत पाणी होतं.
चांदीचं आधी. सोनं वाट बघायला लावतं."
मी पुस्तक चाळलं. पानभर उत्तरं होती, हे नव्हतं.

संध्याकाळी तिला न्यायला चुलता आला.
तीस वर्षं गलाईत, बोटांची टोकं तेजाबानं पिवळी.
"पोरगी कच्ची हाय का?"
म्हटलं, मी पोरीला नाही, परीक्षेलाच तपासतोय.
वाटलं हसेल. तो पायरीवर बसला.
"बरोबर हाय. कसोटीचा नवा दगड आणला
की गिऱ्हाईकाचं सोनं लगीच घासत न्हाई आम्ही.
आधी आपल्या माहितीचं घासायचं. बावीसचं, अठराचं, मग पितळ.
रेघ जशी पडायची तशी पडली, तर दगड खरा.
न्हाईतर नुसताच काळा."
मग पिशवी उचलता उचलता:
"पण तुमच्याकडं माहितीचं सोनं कुठलं?"

एसटीत मी उत्तर शोधत होतो.
तासगाव गेलं.

मार्चमध्ये, सांगलीत, आकडे बसवले.
पाच मागितले, संगणक चारावर अडला:
आकार आणि तर्क एकमेकांत इतके मुरलेले
की वेगळे करायला जावं तर गणितच तुटायचं.
सरांना फोन केला. "मग चार लिही," म्हणाले,
"सिद्धान्त काय रागावणार आहे?"
लिहिलं. तक्ता सात.
खाली बारीक टाइपात अकरा मुलं,
ज्यांची उत्तरं एकाही खांबाला टेकेनात.
त्यांना आमच्यात अवशेष म्हणतात.
एकशे सदतीस क्रमांकाला नाव नव्हतं, नियमच आहे तसा,
पण तो श्वास मला ओळखू आला.

चुलता जाता जाता आणखी एक बोलला होता:
भट्टीची राख तो फेकत नाही,
दुकानाच्या झाडणीसकट पोत्यात भरतो,
वर्षाकाठी तिच्यातून थोडं निघतंच.
किती, ते सांगितलं नाही. धंद्याचं सांगत नाहीत.

प्रबंध दिला त्या दिवशी
मी दोनशे बारा पुस्तिका घेऊन झेरॉक्सवाल्याकडं गेलो.
म्हटलं, फक्त कडा नीट येऊ देत, समास कापू नका.
त्यानं वर न बघता विचारलं,
"पाठपोट काढू?"