परत आलेली ताटं

पाणी इथं लवकर उकळतं
आणि काही शिजवत नाही.
विल्बेरला हे सांगून सांगून मी थकले.
बुडबुड्यांवर विश्वास ठेवू नकोस, पोरा,
कुकरचं झाकण घट्ट लाव
आणि तोवर घोड्यांना चारा घालून ये.

पाच रात्री, दोन तंबू.
एकात टेबल, सहा खुर्च्या, ग्लासात कागदी फुलं.
दुसऱ्यात मी, दोन शेगड्या, बटाट्यांचं पोतं,
आणि पोत्यावर टेकायला येईल तो.

रोमुलो वाट दाखवतो, इंग्रजी बोलतो,
औसांगातेचं बर्फ किती मागं सरलं ते सांगतो.
मला बोलावं लागत नाही.
लोक शितावरून भात ओळखतात,
मी उरलेल्या भातावरून माणूस.
मांस कडेला सारलेलं: डोकं दुखतंय.
नुसतं सूप संपलेलं: उद्या याला घोडा लागणार.
पाव गुपचूप खिशात गेलेला:
हा रात्री जागा असतो.

हालवर्ड नावाचा उंच म्हातारा
स्वतःच्या पुड्या घेऊन आला होता.
गरम पाणी तेवढं मागायचा.
मनगटावरचं घड्याळ त्याला सांगे
आज किती जळलं, किती भरायचं.
किनवाचं सूप पाठवलं, साय धरून परत आलं.
ट्राउट तळून पाठवली, वर लिंबू,
अख्खी गेली, अख्खी आली.
विल्बेर म्हणाला, आत्या, बरंच झालं, आपल्याला मिळाली.
खरंय.
पण मला ती गोड लागली नाही.
बावीस वर्षं या उंचीवर
पातेल्यात पातेलं ठेवून मी केक फुगवतेय,
आणि हा माणूस कात्रीनं पुडी कापतो.

तिसऱ्या रात्री पुडीचं पाणीही परत आलं.
उद्या पालोमानी, सगळ्यात उंच खिंड.
रोमुलो म्हणाला, याला खाली धाडू का?
म्हटलं, सकाळ होऊ दे.

चारला उठले. बादलीत बर्फाचं झाकण.
पाच वायरो बटाटे सालासकट उकडले,
एक जमिनीला दिला, तिचा मान पहिला.
उरलेले चार त्याच्या कोटाच्या खिशांत
मीच कोंबले, दोन इकडे, दोन तिकडे,
मिठाची चिमूट कागदात.
तो नको नको म्हणत असावा.
मी माझ्या क्वेचुआत म्हटलं,
खायला नाही, हात शेकायला.
त्यानं हात खिशात घातले
आणि चार दिवसांत पहिल्यांदा
माझ्या तोंडाकडे बघितलं.

खिंडीत काय झालं मी पाहिलं नाही.
आम्ही घोड्यांबरोबर कधीच पुढे गेलो होतो,
सूप माणसांच्या आधी पोचावं लागतं.
रोमुलो सांगतो, बटाटे निवल्यावर
तो वाऱ्याकडे पाठ करून उभा राहिला
आणि सालासकट खात सुटला,
मीठ उडून गेलं तरी.

शेवटच्या रात्री पाच्चांतात, गरम कुंडांपाशी,
केक टेबलावर गेला, टाळ्या ऐकू आल्या.
मग आमच्या तंबूचं कापड हललं.
तो वाकून आत आला, विल्बेर पोत्यावर सरकला.
आम्ही चुन्योचं सूप पीत होतो,
मेंढीच्या हाडावर उकळलेलं.
जूनच्या कडाक्यात रात्रभर बाहेर पसरलेला,
पहाटे माझ्या आईनं पायांनी तुडवलेला बटाटा,
दिसायला दगड, उचलायला पीस.
पाहुण्यांना मी हे देत नाही. वास येतो म्हणतात.
त्यानं वाडगा पुढे केला.
चुन्यो, मी म्हटलं.
तो जे म्हणाला त्यावर विल्बेरला ठसका लागला.
दोन वाडगे झाले.
घड्याळ त्यानं पाहिलं नाही.
पाहिलंही असेल, अंधार होता.

सकाळी पाकिटं वाटली:
रोमुलोला जाड, मला मध्यम,
घोडेवाल्यांना पातळ. दरवेळेसारखंच.
त्याच्या वाडग्यात फक्त हाड होतं.
मी ते दारातल्या कुत्र्याला टाकलं.
कुत्र्यानं हुंगलं, उलटं करून पुन्हा हुंगलं,
आणि वैतागून
दुसऱ्या तंबूकडे गेला.