पांढरा ठिपका

दरवर्षी मार्चात, जत्रेच्या आधीचे अठरा दिवस
मी वाळवंटातली धूळ काढते.

जत्रा मीच म्हणते. तिकडे दुबईत
गोदामांच्या रांगेत भरते, नुसत्या फोटोंची.
पाळणा नाही, भजी नाहीत,
लोक हळू बोलतात आणि पाण्याला दाम मोजतात.

आमची डार्करूम शारजात, टायरच्या दुकानांमागे.
तिथे जाड कागदावर वाळवंट उमटतं
वीतभर समासासकट,
निगेटिव्हवर बसलेली धूळ त्यात पांढरी फुटते,
आणि मी तीन शून्याच्या ब्रशने
एकेक ठिपका भरत जाते, राखाडीत राखाडी.
ब्रशला थुंकी लावायची नाही, असा नियम आहे.
वडील लावायचे.

खेडला एसटी स्टँडासमोर त्यांचा स्टुडिओ होता.
लोक मयताचा फोटो आणत
आणि वडील ब्रशने त्याचे डोळे उघडून देत.
'बुबुळात खिडकी काढ,' म्हणायचे, 'एवढीशी, पांढरी.'
नववीत असताना मी पहिली खिडकी काढली
खाडीपल्याडच्या एका पोस्टमनच्या डोळ्यात.
त्याच्या बायकोने फोटो हातात घेतला
आणि पदर सावरला.

इथे डोळ्यांचं काम नसतं.
गिऱ्हाइकाला शांतता लागते:
कोरडा तलाव, भिंतीला टेकलेली शिडी,
सात प्रती, खाली पेन्सिलीची सही.
मारिसेल हातमोजे घालून कागद उचलते, बिजॉय चौकटी जोडतो.
शमाल सुटला की दाराच्या फटीला ओले टॉवेल,
तरी धूळ आत येतेच.
या इमारतीत भाडं न भरता राहणारी ती एकटी.

यंदा मौझाबाईंचं काम आलं.
सत्तरीच्या पुढच्या. जुने निगेटिव्ह
बिस्किटांच्या डब्यातून आणलेले.
एकात रात्र होती. काळी खाडी, काळं आकाश,
मधे अर्धवट इमारतीचा सांगाडा,
आणि वर, उजवीकडे,
मोहरीएवढा पांढरा ठिपका.

मी भरला.
सातही प्रतींवर भरला, सातही वेळा बेमालूम.
तसं जमलं की बरं वाटतं, खोटं का बोलू.

उद्घाटनाच्या आदल्या रात्री
मौझाबाई त्या चौकटीसमोर उभ्या राहिल्या,
चष्मा वर केला, खाली केला.
'बत्ती किधर गया?'

कुठली बत्ती?

'क्रेनवाला. उसका बत्ती.'
मग थांबत थांबत, हिंदीत, मधेच अरबीत:
मुलीला ताप होता, चार रात्री, मांडीवर.
खिडकीतून वर तो दिवा दिसायचा, एवढाच जागा.
पाचव्या रात्री मुलगी झोपली,
मग कॅमेरा काढला.
त्याचं नाव? नाही, कोण विचारणार.

मी काही बोलले नाही.
बिजॉयकडून पातं मागून घेतलं.
चौकट जमिनीवर उपडी केली, खिळे काढले,
कागद दिव्याखाली धरला आणि त्या जागी,
जिथे माझा हात मलाच सापडत नव्हता,
पात्याच्या टोकाने हलकेच खरवडलं.
एकदा. पुन्हा एकदा.
जीभ दातांत धरून.
ब्रश असता तर थुंकी लावली असती.

बाकीच्या सहा प्रती लॅबमध्ये होत्या. त्यांचं पुढच्या आठवड्यात बघू, म्हणाल्या.
सकाळी चौकटीशेजारी तांबडा ठिपका लागला, म्हणजे विकली.
दुपारी घेणारा परत आला.
वर उजवीकडे ओरखडा आहे म्हणाला, दहा टक्के सूट द्या.
मौझाबाईंनी सूट दिली नाही.
तांबडा ठिपका नखाने काढला
आणि पर्सला चिकटवला.

रात्री शारजाच्या बसमध्ये
खिडकीची जागा मिळाली.
दोन्ही बाजूंना क्रेन उभ्याच असतात, त्यात नवीन काही नाही.
मी वर पाहिलं नाही.
मान दुखत होती.