उजवीकडची झीज

चार बोल्ट. तीन निघाले.
चौथ्यावर रात्रभर डिझेल सोडून ठेवलं,
सकाळी तेरा नंबरचा पाना लावला
तेव्हा कुठं तो फिरला,
उसाचं कांडं दातांनी सोलताना होतो तसा आवाज करत.

रेक्झिन कधीचंच गेलेलं.
त्यावर युरियाचं पोतं, पोत्यावर ट्यूबचा तुकडा,
त्यावर कुणाच्यातरी इरकलीचा पदर,
सगळं सुतळीनं आवळलेलं.
वर्षाला एक थर चढवत गेला असेल भरमा.
आमच्या घरात कुणी विचारलं नाही
बसायला नीट आहे का.

ट्रॅक्टर आमच्या नावावर,
आरसी बुक आईच्या पत्र्याच्या पेटीत.
मॅसीवर बसला मात्र सत्तावीस वर्षं भरमा नाईक.
सीटला उजवीकडं चार बोटं खोल खड्डा,
डावीकडं जवळजवळ कोरी.
नांगर मागं असतो ना.
उजव्या खांद्यावरून सारखं वळून बघत
माणूस एका कुल्ल्यावर म्हातारा होतो.

त्याच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला
तेव्हापासून मी चालवते.
त्या खड्ड्यात माझी मांडी बसत नाही,
संध्याकाळी कंबर दुसऱ्या कुणाची वाटते.

संकेश्वरात, स्टँडच्या मागं, राजेसाब नदाफ.
बाप कापूस पिंजायचा, हा फोम कापतो.
"गट्टी पायजे का मेत्तगे, अक्का?"
मधलं द्या, म्हटलं.
तो हसला. "मधलं म्हंजे
दोन्हीकडनं तक्रार येतीया बगा."
आणि तरी मधलंच कापलं.

जुनी सीट त्यानं सुरीनं उभी फाडली.
काथ्या. तंबाखूची भुकटी.
उंदरानं साठवलेले सोयाबीनचे दाणे,
एक स्प्लिट पिन, चार आणे,
आणि दुधाच्या पिशवीत घडी घातलेलं
कॅलेंडरचं पान.
पुढं कन्नडमध्ये महिना,
मागं पेन्सिलीनं आमच्या शाळेतले मराठी आकडे.
दोन रकाने: दिवसाचे, रात्रीचे.
दिवसाच्यापुढं बरोबरच्या खुणा.
रात्रीच्यापुढं नुसते तास.

राजेसाबनं पान माझ्या हातात दिलं,
शिलाईचे साडेआठशे सांगितले,
आणि खिडकीकडं बघत दोरा ओवत बसला.

भरमा संध्याकाळी आला, काठी टेकत.
"चांगली हुती की. कशाला बदलायलास?"
बस म्हटलं, बसला नाही.
तळहात फिरवला शिवणीवरून,
जसं गाभण म्हशीच्या पोटावरून फिरवतात.
"लई सरळ हाय," म्हणाला. "बसंल हळूहळू."

मी पान काढलं.
"डोळं न्हाईत मला. तू वाच."
मंगळवार, साडेतीन.
बुधवार, दोन.
शुक्रवार, पाच. पाचच्या खाली रेघ.
रेघेच्या खाली?
काही नाही, म्हटलं.
तासाला किती होते तेव्हा?
तो अंगठ्यानं फोम दाबत होता,
सोडला की फोम वर यायचा,
पुन्हा दाबायचा.
"आटवत न्हाई. दिवा चांगला हुता गाडीचा.
तास सरळ पडायचं रातचं."

आप्पा असते तर विचारलं असतं,
असं मी स्वतःला म्हणते.
विचारलं नसतं.

सकाळी नदीकडच्या तुकड्यात गेले.
नवी सीट दोन इंच उंच.
क्लचवर पाय जरा ताणून ठेवावा लागतो,
आणि बांधावरच्या शेरताटीच्या वरून
आजवर न दिसलेलं दिसतं:
चार घरं, त्यातलं शेवटचं भरमाचं,
कौलांवर निळी ताडपत्री, चार दगडांनी दाबलेली.
पान माझ्या खिशात आहे.
पेन्सिल घरी राहिली.

नांगर खाली सोडला.
वळून बघितलं, उजव्या खांद्यावरून.
फोम तेवढ्यापुरता
उजवीकडं खचला.