कागदावरची मेंढी

क्लाक्स्विकच्या बंदरावर दुपारी तीनलाच दिवे लागतात.
नगरपालिकेच्या वरच्या मजल्यावर सोल्रुन
गार कॉफी बाजूला सारून फोन उचलते.
स्विनॉय बेटावरून हियाल्ग्रिम. वय ऐंशीच्या पुढं.
तो आधी वाऱ्याचं बोलतो, मग बोटीचं
(आज आलीच नाही),
मग घसा खाकरून:
"पोरी, मी एक मेंढी मारली.
कागदावर."

अर्जात प्रश्न होता,
या हिवाळ्यात कड्यावरून पडून किती मेंढ्या गेल्या?
त्यानं लिहिलं, शून्य.
अर्ज लाल झाला. ही जागा रिकामी सोडू नका.
त्यानं पुन्हा शून्य दिलं, कळ जरा जोरात दाबून,
बहिऱ्याशी बोलावं तसं.
पुन्हा लाल.
नऊ वेळा. सर्व्हरच्या नोंदीत
सोल्रुनला ती नऊही दिसतात,
शेवटचं रात्री सव्वाअकराला.
दहाव्या खेपेला त्यानं एक लिहिलं.
अर्ज लगेच हिरवा. वर आभारही मानले.

"बावीस वर्षांत पहिल्यांदा," म्हातारा म्हणतो,
"एकही गेली नाही.
तेवढंच सांगायचं होतं मला.
नाहीतर तुमच्या अर्जाशी माझं काय अडलंय?"

ती ओळ सोल्रुनचीच.
लेकीला ताप होता त्या आठवड्यात लिहिलेली,
एका हातानं.
एम्प्टी आहेस का, असं विचारलं
की पीएचपी शून्यालाही रिकाम्यांच्या रांगेत उभं करते.
हे तिला ठाऊक होतं.
शिकाऊ पोरांना तीच सांगायची.

ताट मांडलंच नाही, ते निराळं.
मांडलं, पण वाढलं नाही, ते निराळं.
आणि पोटभर जेवून
बोटानं पुसून घेतलेलं ताट?
लांबून तिन्ही सारखीच पांढरी.

इझसेट नुसतं दारातून डोकावतं: ताट आहे ना?
त्यात काय आहे, हे त्याचं काम नाही.
आणि अर्जाच्या तळाची ती चौकट, 'कुत्रा पाळला आहे',
तिच्यावर खूण केली नाही
तर ती 'नाही' म्हणत नाही.
ती येतच नाही.
काही माणसं अशी असतात,
सोल्रुनला एक आठवतो. ती पुढं आठवत नाही.

आमच्या जुन्या हिशेबांत शून्याला पूज्य म्हणत.
फॅरो बेटांवर हे कुणाला माहीत असायचं कारण नाही.
पण नऊ वेळा तीच कळ दाबणाऱ्या बोटाला
काहीतरी माहीत होतं.

ती ओळ बदलते.
आधी विचार: आलं का?
मग विचार: आलंय ते निव्वळ कोरं तर नाही?
शून्य असेल तर आत घे.
बसायला जागा दे.
तीन ओळी. चाचणीला शून्य टाकून पाहते,
हिरवं.
स्वतःलाच जरा हसू येतं, इतकं बरं वाटतं.

मग खाली उतरावं तशी ती डेटाबेसमध्ये शिरते,
हियाल्ग्रिमच्या नावापुढचा एक शोधते,
आणि त्या जागी हळूच शून्य ठेवते.

फोन पहिल्याच घंटेला उचलला जातो.
"आणली वर?"
"आणली."
पलीकडं वारा. किटलीचं झाकण.
"कानाची खूण पाहिलीस ना नीट?
आमचीच होती ना?"