लाल दिसावा म्हणून

मासिकाच्या मुखपृष्ठावर त्याचा गळपट्टा लाल होता.
लाल म्हणजे जिभेवर ठेवला तर चटका बसेल असा.
आतली सगळी पानं काळी-पांढरी,
तरी पोरांना तो पानोपानी लालच दिसायचा.
नाव त्सुबुते. गोफणीतून सुटलेला गोटा.

शोवा तेहेतीस. तामा नदीकाठी पत्र्याची शेड,
आधी तिथं रेशमाचं गोदाम होतं,
भिंतींना अजून किड्यांचा वास.
मी तोमिए, शिवणकामाला.
पगार आठवड्याला, मिळाला तर.

कुरुमिझावासाननी मासिक माझ्यापुढं टाकलं:
"हा पोरगा शिवून दे. सोमवारपर्यंत."

कागदावर त्याचे डोळे अर्ध्या चेहऱ्याएवढे,
मान काडीसारखी, पळताना पाय आठ.
आमच्याकडे होता शुन्साकु,
भातगिरणीवाल्याचा धाकटा, वय अकरा,
पुढचे दोन दात किडलेले, पाय दोनच.

कॅमेऱ्यापुढं लाल कापड धरलं
तर पडद्यावर काळं ठिक्कर, सुतकातलं.
पिवळं फिकुटलं, निळं मळकं.
सतरा तुकडे धरून पाहिले.
शेवटी शेवाळी हिरवा, दोनदा धुऊन विटवलेला,
तो लाल दिसला.
म्हणजे दिसला करडाच,
पण लालानं जसं करडं व्हायला हवं होतं, तसा.
हे मला आजही नीट सांगता येत नाही.

चित्रकार हात्सुकारी एकदाच आले.
बोटांना शाई, खिशात भाजलेलं रताळं.
शुन्साकुभोवती एक फेरी मारली.
"हा हलतो," म्हणाले.
मग बराच वेळ काहीच नाही.
"माझा कधी हलला नाही.
मी दोन चौकटींमध्ये बोटभर जागा सोडायचो,
पोरंच त्याला उचलून पलीकडे न्यायची."
अर्धं रताळं शुन्साकुला दिलं आणि बस गाठायला गेले.

वेगाच्या रेघा: काचेवर ताणलेला काळा दोरा.
उड्डाण: पियानोची तार, कमरेला कातडी पट्टा,
वर तुळईवर चौघे, त्यातला एक प्यायलेला.
तार दिसू नये म्हणून काजळी फासायची.
दिसायचीच.

एकदा बाहेर चित्रीकरण होतं.
कुंपणाला पोरं लोंबकळलेली, सकाळपासून.
शुन्साकु उन्हात आला
आणि सगळी एकदम गप्प.
पाठीवर तान्हा भाऊ बांधलेली एक बारकी पोर म्हणाली,
"हा तो नाही. ह्याचा हिरवा आहे."

शुन्साकुनं माझ्याकडे पाहिलं.
मी सुईत दोरा ओवत राहिले,
दोरा ओवलेला असून.

तेव्हा तोच बोलला, कुणी न शिकवता:
"लाल लढाईला. हा घालून नुसतं उडायला शिकतो."
पोरीनं विचार केला. भावाला वर सरकवलं.
"बरं. पण पडू नकोस."

तेराव्या भागानंतर सेंदाईहून पत्र आलं, पेन्सिलीनं:
*त्सुबुतेसान, तुमच्या पाठीतला दोरा आम्हाला दिसतो.
लपवा. शत्रूनं पाहिला तर कापेल.*
मी ते तुळईवरच्या चौघांना वाचून दाखवलं.
त्यानंतर तो प्यायचा थांबला असं म्हणवत नाही,
पण बुधवारी पीत नसे.
उड्डाणं बुधवारी असत.

एकोणीस भाग. मग पैसे संपले.
रिळं कंपनीनं भंगारात दिली, चांदी काढायला.
शुन्साकु गिरणीवर बसला, दात नवे बसवले,
नववर्षाला कार्ड यायचं, आता येत नाही.

गळपट्टा माझ्याकडे होता, कोटांच्या खाली.
परवा संग्रहालयाचा एक मुलगा पांढरे हातमोजे घालून घेऊन गेला.
नातसुनेनं तिथली पाटी मला वाचून दाखवली:
"मूळ रंग लाल. रंग उडालेला."

मी दुरुस्त केलं नाही.
उडालाच होता की.
बुधवारी, चार माणसांच्या हातांवर.