उद्या पाणी येणार नाही

माझा धंदा रिक्षावरच्या भोंग्याचा.
साड्यांचा सेल, हरवलेलं पोर, शिबिर, नळाचं पाणी,
सगळ्याला गळा एकच, माझा.
अशोक चौकाच्या मागं दहा बाय बाराची खोली,
भिंतींना आतून चादरी ठोकलेल्या,
गाजूल शेठच्या कारखान्यातल्या, रिजेक्ट,
मोराची मान चुकलेल्या.
आवाज पितात.

एप्रिलात ती आली.
दारात म्हणाली, इल्वा.
शेजारच्या राजव्वानं विडी वळता वळता ऐकलं, यल्लव्वा,
आणि मग तेच राहिलं.
पाठीला गिटार, गळ्यात टॉवेल,
टॉवेलच्या कोपऱ्यात शिवलेलं लेबल: सोलापूर.
म्हणाली, दहा वर्षं घाम पुसतेय ह्याच्यानं,
बर्लिनच्या तळघरात, लिस्बनला,
ग्लासगोत अकरा जण आले होते
त्यातले चार दुसऱ्या बँडचे.
म्हटलं, बघून यावं कुठून येतो हा.

पहिली तबकडी गाजली, म्हणजे तिच्या गावात.
दुसरी देश सोडून केली.
तिसरीतलं एक गाणं दह्याच्या जाहिरातीला गेलं
त्यावर दोन वर्षं खोलीचं भाडं निघालं.
चौथी कंपनीनं परत पाठवली.
का, ते मी विचारलं नाही.
ती भिंतीवरच्या मोरांकडं बघत होती.

पलीकडं सहा माग. खटाक्‌खट, खटाक्‌खट.
मी म्हणालो, हा माझा वैरी,
अर्धं आयुष्य ह्याला पुसण्यात गेलं.
ती म्हणाली, पुसू नकोस, हाच ढोल.
आणि कानाला हेडफोन लावून सुरुवात केली:
एत्, त्वो, त्रे, फ्यूरा.
गाणं मात्र इंग्रजीत.
मी म्हटलं, हे काय?
म्हणाली, चिडले की आणि मोजताना, एवढंच उरलंय घरचं.
मी हसलो.
मी भोंग्यात मराठी, उधारीवाल्याशी कानडी,
पण नोटा मोजतो ओकटी, रेंडू, मूडू.
आजोबा करीमनगरकडून आलेले, हातमाग खांद्यावर.
म्हणजे तूही बाहेरचा?
नाही, म्हटलं. सोलापूरचा.
तिनं ते वहीत लिहून घेतलं. का, कोण जाणे.

सहाव्या वेळी लाइट गेली.
माग एकेक करून थांबले,
शेवटचा जरा उशिरा, म्हाताऱ्याच्या खोकल्यासारखा.
तिचं यंत्र बॅटरीवर. ती गातच राहिली.
आणि बोळातून, माझीच रिक्षा, माझाच आवाज:
नागरिकांना कळविण्यात येते की
उद्या पाणी येणार नाही.
मी धावलो थांबवायला.
तिनं हात वर केला. राहू दे.

राजव्वा दारातनं, काय करूलाली गं ही अंधारात?
तेही आलंय त्यात, बारीक.

मोबाइलवर दिवाळीनंतर व्हिडिओ आला.
कुठलं तरी थंड गाव, बुटांना बर्फ, दीडशे माणसं असतील.
पाचवं गाणं, तिसरं मिनिट:
मी.
लोक डोळे मिटून ऐकतायत.
पुढच्या रांगेत दोन पोरी ओठ हलवतात,
उद्या पानी येनार नाई.
राजव्वानं चष्मा पुसून दोनदा बघितलं.
तिकडं पण पाचव्या दिवशीच सोडतेत का रं?

माझा वाटा आला, एकशे बावीस रुपये आणि वर काही पैसे.
खाली तिनं लिहिलेलं,
पुढच्या वर्षी जास्त येतील, किंवा नाही येणार.
ह्याच महिन्यात कुठल्याशा हॉटेलात
सकाळचा नाश्ता वाढायचं काम धरलंय,
संध्याकाळ मोकळी असते.

जाताना तिनं एक चादर मागितली होती,
मान सगळ्यात जास्त चुकलेला मोर.
पैसे घेतले नाहीत. टॉवेल ठेवून गेली.
तिथं दुसरी ठोकायची म्हणतो, राहूनच जातं.
सेलची जाहिरात म्हणताना
तेवढ्या उघड्या भिंतीवरून
माझा आवाज परत येतो,
जरा उशिरा,
थोडा परका.