पुढची तारीख

कायदा सांगतो, आरोपीला त्याच्या भाषेतला दुभाषा द्या.
मेक्सिकोत हा कायदा आहे, आणि चांगला आहे.
म्हणून मी सकाळपासून फोन लावत बसले.

डोंगरात ती भाषा बोलणारी चारच माणसं उरलीत.
एक बाई, ठार बहिरी.
एकजण सरहद्दीपलीकडे, कुणाच्या तरी टोमॅटोत वाकलेला, फोन बंद.
तिसरा आमचा आरोपीच, क्रिसोफोरो.
चौथा एलेउतेरियो.
शेळी त्याची.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
एन्सेनादाच्या कोर्टात त्या दिवशी पंखाही बंद होता.
'घ्या शपथ,' त्या फिर्यादीला म्हणाल्या,
'आरोपी बोलेल तेच सांगेन, पदरचं काही घालणार नाही.'
त्याने हात वर केला.
हातावर कुंपणाच्या तारेचे ओरखडे.

क्रिसोफोरो बोलला. बराच वेळ बोलला,
कोरड्या ओढ्यात गोटे सरकावेत तसं काहीतरी.
माझी बोटं कळफलकावर अधांतरी.

'काय म्हणाला?'
'शेळी आपणहून आली, म्हणतो.'
'एवढंच?'
'एवढंच. पण बाई, शेवटी त्याने जे लावलं ना,
ते डोळ्यांनी न पाहता,
रात्री नुसते खूर ऐकले असतील तरच लावायचं.
एवढीशी शेपटी असते शब्दाची.
माझी आई लावायची.
ती गेल्यावर कुणाच्या तोंडून ऐकली नव्हती.
मीसुद्धा विसरलो होतो लावायला.'

मी टाइप केलं: शेळी आपणहून आली.
शेपटी कुठल्या रकान्यात भरायची
ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

मग त्याने आपल्याच मनाने आरोपीला काही विचारलं.
आरोपीने उत्तर दिलं. ह्याने पुन्हा विचारलं.
'शेळीबद्दलच चाललंय ना?'
'नाही,' दुभाषा म्हणाला, शपथेला जागून.
'पिन्योनच्या बिया निखाऱ्यावर फुटतात
त्या आवाजाला काय म्हणायचे, ते विचारतोय.'

नोंदीत मी लिहिलं:
साक्षीदार आपसांत बोलतात. अकरा मिनिटं.

माझी आई ओआहाकाहून इथे स्ट्रॉबेरी खुडायला आली.
ती तिच्या बोलीत रागवायची,
मी स्पॅनिशमध्ये उलट उत्तर द्यायचे.
ते असो.

बाईंनी सुचवलं, मिटवून टाका, वयं झाली तुमची.
क्रिसोफोरो तयार होता, शेळी परत करायलाही.
अडून बसला तो फिर्यादी.
'खटला चालू दे. पुढची तारीख द्या.'
'अहो, तीन तासांचा कच्चा रस्ता!
शेजारी शेजारी राहता, घरीच बोला की.'
'घरी,' तो म्हणाला, 'आम्ही बोलत नाही.
भांडण आहे आमचं. शेळीवरून.'

ही सातवी तारीख.
मधल्या काळात शेळी दोनदा व्याली,
करडं कुणाची, हा आता वेगळा मुद्दा झालाय.
बाहेरच्या बाकावर दोघं दोन टोकांना बसतात,
मध्ये एलेउतेरियोची टोपी.
आत येऊन पुकारा झाल्यावरच तोंड उघडतात.

आज मी धीर करून विचारलं,
शेळीला तुमच्यात काय म्हणतात?
'आमचा शब्द नाही तिला. ती जहाजातून आली.
रानमेंढीचाच शब्द घ्यायचा
आणि मागे जोडायचं, घरची झालेली.'

मी म्हणून पाहिलं.
दोघांनी एकदम चूक दुरुस्त केली,
दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी.
मग त्यावरून जुंपली त्यांची.
बाक सरकला, टोपी खाली पडली,
न्यायाधीशबाई आत आल्या तरी उठायचं भान नाही,
आणि कुणी सांगितलं नसताना माझी बोटं
जसं कानावर पडेल तसं उतरवत होती,
ह्याचं एका ओळीत, त्याचं खालच्या.

बाईंनी पडद्याकडे वाकून पाहिलं.
'हे काय आहे?'
मी म्हटलं, पुरावा.